दाह ओळखणारा धन्वंतरी : रुडॉल्फ फिरखो

(बी. ए. द्वितीय वर्ष)

हृदयविकार म्हटला की आपल्याकडे एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. गादीला टेकून बसणारा, ताटात तुपाची धार घेणारा, चार पावले चालायची तर मोटार लागणारा. हा सुखवस्तूंचा आजार, गरिबाच्या वाटेला तो कशाला जाईल, असे खेड्यापाड्यांतून सर्रास बोलले जाते. पण आपल्या नांदेड-लातूर भागात डोळे उघडे ठेवून पाहिले तर वेगळेच दिसते. पोती वाहणारे हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, दिवसभर रानात खपणारे सालगडी, ज्यांच्या अंगावर मूठभर मांस नाही अशी माणसेही छातीत कळ येते म्हणतात आणि दवाखाना गाठायच्या आत जातात. ज्याच्या ताटात तूप कधी पडलेच नाही, त्याच्या काळजाची रक्तवाहिनी कशाने तुंबली?

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर एका माणसाकडे नव्हते. पण उत्तराची वाट ज्याने पहिल्यांदा दाखवली तो माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी काळाच्या पडद्याआड गेला. त्याचे नाव रुडॉल्फ फिरखो. जर्मनीचा हा वैद्य केवळ वैद्य नव्हता. तो शास्त्रज्ञ होता, लोकप्रतिनिधी होता, नगरसेवक होता आणि मानववंशाचा अभ्यासकही होता. कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका वैद्याचे चरित्र का लिहावे, असे कोणी विचारील. रोगाचे मूळ शरीरात जितके असते तितकेच समाजातही असते, हे ज्याने ठणकावून सांगितले, त्याचे चरित्र आपल्या अभ्यासक्रमाबाहेरचे कसे म्हणता येईल?

फिरखोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिवेलबाइन या लहानशा गावी झाला. तेव्हा हा प्रांत प्रशियाच्या राज्यात होता, आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडील थोडी शेती करीत आणि नगरपालिकेची तिजोरी सांभाळीत. रुडॉल्फ हे त्यांचे एकुलते एक अपत्य. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा बुद्धीने तल्लख. शाळेत असताना आपण धर्मोपदेशक व्हावे असे त्याला वाटे, परंतु आवाजात प्रवचनाला लागणारा जोर नव्हता. मग वैद्यक शिकावे असे ठरले. ते शिकायला पैसा कोठून आणायचा? बर्लिनमध्ये सैन्यासाठी वैद्य तयार करणारी एक संस्था होती. तेथे गरीब घरच्या हुशार मुलांना फुकट शिकवीत आणि त्याबदल्यात पुढे काही वर्षे सैन्यात चाकरी करावी लागे. १८३९ साली अठरा वर्षांचा रुडॉल्फ या संस्थेत दाखल झाला.

शिष्यवृत्तीच्या आधारावर, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या आपल्यासारख्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. ती संस्था नसती तर शिवेलबाइनचा हा मुलगा कदाचित वडिलांच्या शेतात राबला असता आणि जगाला त्याचे नावही कळले नसते. अशी किती मुले आजही दारातूनच परत फिरत असतील, हा विचार मनाला चटका लावून जातो.

१८४३ साली त्याने वैद्यकाची पदवी घेतली आणि बर्लिनच्या शारिते या प्रसिद्ध रुग्णालयात नोकरीला लागला. मृतदेहांचे विच्छेदन करून मृत्यूचे कारण शोधणे हे त्याचे काम. त्या काळी युरोपात क्रुव्हेलिए नावाच्या फ्रेंच पंडिताचा मोठा दरारा होता. शिरांचा दाह हेच बहुतेक सर्व रोगांचे मूळ, असे या पंडिताचे मत. फिरखोच्या वरिष्ठांनी हाच विषय त्याला तपासायला दिला. कोणी दुसरा असता तर मोठ्याच्या री ओढून मोकळा झाला असता. या पंचविशीच्या पोराने मात्र एकामागून एक शवे उघडून पाहिली आणि कुत्र्यांवर प्रयोग केले.

फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडणारी रक्ताची गुठळी तेथल्या दाहाने तयार झाली, असे तोवर मानत असत. फिरखोने दाखवून दिले की ती गुठळी बहुधा तेथली नसतेच. ती पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत साखळते, तेथून तुटते, रक्ताबरोबर वाहत हृदयात येते आणि पुढे फुप्फुसात जाऊन अडकते. कालव्यात सुटलेला ओंडका पुढच्या मोरीत जाऊन बसावा, तसाच हा प्रकार. रक्त जागच्या जागी साखळण्याला थ्रॉम्बोसिस आणि गुठळी वाहत जाऊन अडकण्याला एम्बोलिझम ही नावे त्यानेच रूढ केली. आज हृदयविकार आणि पक्षाघात यांविषयी बोलताना प्रत्येक डॉक्टर हे शब्द वापरतो. रक्ताच्या प्रवाहातला बिघाड, वाहिनीच्या भिंतीला झालेली इजा आणि खुद्द रक्ताच्या घडणीतला बदल या तीन कारणांनी रक्त साखळते. ही तीन कारणे आजही फिरखोचे त्रिकूट म्हणूनच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सगळीकडे दाहच दाह पाहणाऱ्यांचे मत त्याने आधी खोडून काढले आणि पुढे जेथे खरोखर दाह आहे तेथे तो दाखवून दिला. एखादी कल्पना लोकप्रिय आहे म्हणून ती उचलायची नाही आणि ती एका ठिकाणी खोटी ठरली म्हणून सगळीकडे टाकूनही द्यायची नाही, हा शास्त्रज्ञाचा विवेक त्याच्या अंगी तरुणपणीच होता.

१८४७-४८ साली प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात भीषण दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ टायफस तापाची साथ आली. माणसे पटापट मरू लागली. वर्तमानपत्रांतून ओरड झाली तेव्हा सरकारला जाग आली आणि चौकशीसाठी फिरखोला तिकडे पाठवण्यात आले. फेब्रुवारी-मार्च १८४८ मध्ये सुमारे तीन आठवडे तो त्या भागात हिंडला. तेथले लोक बहुतेक पोलिश बोलणारे. शेतमजूर, खाणकामगार, घरी बसून कापड विणणारे. जमिनीचे धनी दूर शहरात राहणारे. एकेका खोपटात जनावरांसह दाटीने राहणारी कुटुंबे, पिकाचा पत्ता नाही, आणि शाळा व सरकारी कारभार लोकांना न कळणाऱ्या जर्मन भाषेत.

सरकारला वाटले होते, हा तरुण डॉक्टर काही औषधे सुचवील, चार सूचना करील आणि प्रकरण फायलीत बंद होईल. फिरखोने जो अहवाल लिहिला तो मात्र अंगार होता. या साथीवरचा उपाय म्हणून त्याने सांगितले ते काय? पूर्ण लोकशाही, शिक्षण, लोकांच्या मातृभाषेला मान, स्थानिक स्वराज्य, रस्ते, शेतीची सुधारणा, आणि गरिबांवरचा कराचा बोजा काढून तो श्रीमंतांवर टाकणे! टायफस उवांमार्फत पसरतो हे कळायला अजून साठ वर्षे होती. ते १९०९ साली शार्ल निकोलने दाखवले. जंतूचा पत्ता नसतानाही फिरखोला साथीची वाट दिसली होती, कारण ती उपासमारीच्या आणि अज्ञानाच्या घरातून जात होती. वैद्यक हे मुळात समाजशास्त्र आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे वैद्यकच, अशी त्याची पुढे आयुष्यभर धारणा राहिली.

मराठवाड्याच्या वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. निजामी राजवटीत १९४८ पर्यंत आपल्या वाडवडिलांनाही कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू भाषेपुढे मुके व्हावे लागले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. दुष्काळात माणूस भुकेने मरतो त्यापेक्षा भुकेपाठोपाठ येणाऱ्या रोगाने अधिक मरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. योगायोग असा, की ज्या १८४८ साली फिरखो सायलेशियात शिक्षणाचे औषध लिहून देत होता, त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढून ते औषध प्रत्यक्ष पाजायला सुरुवात केली. एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या या माणसांचे निदान मात्र एकच होते.

सायलेशियाहून परतल्यावर आठवड्याभरातच बर्लिनमध्ये क्रांतीचा वणवा पेटला. १८ मार्च १८४८ रोजी रस्त्यांवर मोर्चेबंदी झाली आणि फिरखो क्रांतिकारकांच्या बाजूने त्यात उभा राहिला. लगोलग त्याने वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिकही काढले. क्रांती फसली. सरकारने १८४९ साली त्याला नोकरीतून निलंबित केले. परंतु गुणी माणसाला फार काळ कोणी अडवू शकत नाही. बव्हेरियातील व्युर्झबुर्ग विद्यापीठाने त्याला विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर बोलावले. १८५० साली त्याचा रोझ मायर हिच्याशी विवाह झाला. त्यांना तीन मुलगे आणि तीन मुली झाल्या.

व्युर्झबुर्गच्या शांत वर्षांत त्याने आपले सर्वांत मोठे काम केले. शरीर पेशींचे बनलेले आहे हे तोवर माहीत झाले होते. पण नवी पेशी येते कोठून? ती एखाद्या द्रवातून आपोआप थिजून तयार होते, असे पुष्कळांना वाटे. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व फिरखोने ठामपणे मांडले. रॉबर्ट रेमाक या शास्त्रज्ञानेही त्याच्या आधी हे पाहिले होते. पण या तत्त्वावर सर्व रोगशास्त्राची इमारत उभारली ती फिरखोने. रोग म्हणजे अंगात शिरलेले भूत नव्हे, की चार रसांचा बिघडलेला तोल नव्हे. आपल्याच पेशींचे बिघडलेले जीवन म्हणजे रोग. १८५६ साली बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावले आणि १८५८ साली तेथे दिलेल्या वीस व्याख्यानांतून त्याचा पेशीविकृतिविज्ञानावरचा ग्रंथ तयार झाला. शरीर म्हणजे पेशींचे प्रजासत्ताक आहे, अशी त्याची कल्पना होती. राजा आजारी पडल्याने नव्हे, तर नागरिक आजारी पडल्याने हे राज्य आजारी पडते. लोकशाहीवाद्याला शरीरातही लोकशाहीच दिसावी, यात नवल ते काय!

आता आपण मूळ विषयाकडे वळू. जखम झाली की भोवतालची जागा लाल होते, सुजते, तापते आणि दुखते. ही दाहाची चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवली. त्या अवयवाचे कामच बिघडते, हे पाचवे लक्षण फिरखोच्या नावावर सांगतात. दाह हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे. तो गावावर दरोडा पडला असता धावून येणाऱ्या राखणदारांसारखा आहे. प्रश्न येतो तो राखणदार परत न गेल्यास. ते गावातच तळ ठोकून बसले, तर गावाचेच नुकसान होते.

म्हाताऱ्या माणसांच्या धमन्या कठीण होतात आणि आतून अरुंद होतात, हे विच्छेदन करणाऱ्यांना ठाऊक होते. व्हिएन्नाचा रोकिटान्स्की हा त्या काळचा मोठा विकृतिशास्त्रज्ञ. त्याचे म्हणणे असे, की रक्तातले घटक आतल्या बाजूने धमनीवर साचतात, पाण्याच्या नळात क्षार साचावेत तसे. फिरखोने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्याला दिसले की बिघाड भिंतीवर नसून भिंतीच्या आत, तिच्या सर्वांत आतल्या थरात आहे. मातीच्या भिंतीला ओल धरली की ती आतून फुगते आणि मग पोपडे सुटतात. वरून लेप दिल्याने ती फुगत नाही. धमनीचेही तसेच. रक्तातला काही भाग भिंतीत मुरतो, तेथील पेशी चिडतात, वाढतात, आणि चरबी व चुनखडी हे त्या चिडण्याचे मागून येणारे परिणाम. म्हणून या विकाराला त्याने दाहाचे नाव दिले. धमनी हा मुका नळ नसून जिवंत अवयव आहे, तोही दुखावतो आणि दुखावल्याचे उत्तर देतो, हा विचार १८५० नंतरच्या दहा वर्षांतला आहे, यावर विश्वास बसत नाही.

पण फिरखो प्रयोगशाळेत कोंडून घेणारा पंडित नव्हता. १८५९ साली तो बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आला आणि मरेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, सभासद राहिला. बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेने तेव्हा उघडी गटारे वाहत. अभियंता होब्रेख्त याच्या बरोबरीने त्याने भुयारी गटारांची योजना पुढे रेटली. शहराचे सांडपाणी बाहेरच्या शेतांवर सोडायची व्यवस्था झाली. नवी रुग्णालये उभी राहिली. मांसातून पसरणाऱ्या कृमींचा अभ्यास करून त्याने मांस तपासणी सक्तीची व्हावी म्हणून चळवळ केली. खाटीक आणि व्यापारी चिडले, पण तो हटला नाही.

प्रशियाच्या विधिमंडळात आणि पुढे जर्मन लोकसभेत तो बिस्मार्कचा कट्टर विरोधक होता. लष्करावर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या पोलादी पंतप्रधानाला तो आकडे दाखवून हैराण करी. १८६५ साली संतापलेल्या बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोने ते नाकारले. वाद मिटवायची ही रीत नव्हे, हे त्याचे मत. त्या काळात द्वंद्व नाकारणे म्हणजे भित्रेपणा समजत. लोकांच्या हसण्याला न भिता नाही म्हणायला तलवार उपसण्यापेक्षा अधिक धैर्य लागते, हे आपण कबूल केले पाहिजे.

वंशश्रेष्ठतेच्या कल्पनेलाही त्याने असाच हिशेबाने धक्का दिला. जर्मन वंश म्हणजे सोनेरी केस आणि निळे डोळे, असा गर्व तेव्हा वाढीस लागला होता. फिरखोने जर्मनीतील ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांच्या, डोळ्यांच्या आणि कातडीच्या रंगांची नोंद करवून घेतली. १८८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शुद्ध जर्मन वंश असा काही प्रकारच नाही, सगळीकडे सगळ्यांचे मिश्रण आहे, ज्यू मुलांतही सोनेरी केसांची मुले आहेत, हे त्यातून दिसले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरील आपल्या १९४८ सालच्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत असे मांडले. मोजपट्टी प्रामाणिक हातात असली की ती उच्चनीचतेच्या बाजूने साक्ष देत नाही.

थोरांच्या चरित्रात त्यांच्या चुका झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. फिरखोच्या बाबतीत ती पाळायचे कारण नाही. हात धुण्याने बाळंतिणींचा ताप टळतो हे सेमेलवाइसचे म्हणणे त्याने मानले नाही. निअँडरथल मानवाचा सांगाडा म्हणजे रोगाने वाकलेल्या साध्या माणसाचा सांगाडा, असे तो १८७२ साली म्हणाला आणि चुकला. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हाही त्याने हात आखडताच घेतला. जंतू सापडला म्हणजे रोगाचे सारे कारण सापडले, असे त्याला वाटत नव्हते. तोच जंतू एकाला खातो आणि दुसऱ्याला सोडतो, हे का, असा त्याचा प्रश्न होता. जंतूचे महत्त्व ओळखण्यात तो कमी पडला, पण त्याचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. हाच कॉख १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आला होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनी १० मार्च रोजी देह ठेवला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता, तरीही साथ गरिबांच्या दाट वस्त्यांतूनच अधिक फिरली. कॉखही बरोबर होता आणि फिरखोही.

१९०१ साली फिरखोचा ऐंशीवा वाढदिवस साऱ्या जगाने साजरा केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ४ जानेवारी १९०२ रोजी, बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना तो पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून तो पूर्ण सावरला नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्याचे निधन झाले. अखेरीस हृदयानेच दगा दिला.

त्याच्यामागे धमनीच्या दाहाचा विचारही जणू अंधारात गेला. १९१३ साली रशियात अनिच्कोवने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्या विकृत झाल्या. मग सगळे लक्ष चरबीवर गेले. ते चूक नव्हते. रक्तातली चरबी हे हृदयविकाराचे मोठे कारण आहेच, आणि ती कमी केल्याने लाखोंचे प्राण वाचतात. पण हिशेब पुरता लागेना. कोलेस्टेरॉल बेताचे असलेल्या कितीतरी माणसांना झटका येई. तेव्हा शास्त्रज्ञ पुन्हा फिरखोने दाखवलेल्या भिंतीकडे वळले. १९९९ साली अमेरिकेतील रसेल रॉसने हा विकार दाहाचाच आहे, असे साधार मांडले. चरबीचे कण भिंतीत शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून गिळून फुगतात, तेथेच मरतात आणि आणखी पेशींना हाका घालतात. वरचे आवरण पातळ होत जाते. एके दिवशी ते फाटते, त्यावर रक्त साखळते आणि क्षणात वाहिनी बंद होते. आधी भिंतीचा दाह, शेवटी गुठळी. फिरखोची दोन्ही कामे एकाच झटक्यात भेटतात ती अशी.

हा आतला दाह डोळ्यांना दिसत नाही, ठणकतही नाही. पण यकृत त्याची खबर रक्तात सोडते. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन नावाचा पदार्थ वाढतो. तो १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांत सापडला होता. वरवर निरोगी माणसांतही तो वाढलेला असेल तर पुढे झटक्याचा धोका अधिक, असे पॉल रिडकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले. पण दाह हा कारण आहे की नुसता साक्षीदार? २०१७ साली दहा हजारांवर रोग्यांच्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह दबवणारे औषध दिले, आणि झटके व पक्षाघात यांसारखे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्याच औषधाने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. राखणदारांना बांधून ठेवले तर चोरांचे फावणारच. २०१९ साली कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त औषधाचा अगदी थोड्या मात्रेत उपयोग दिसला, तर २०२४ सालच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. आपल्या डोंगरकपारीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत हेच द्रव्य असते. पण कळलावी हे जहाल विष आहे. घरच्या घरी तिचा प्रयोग म्हणजे मृत्यूला आमंत्रण. शास्त्रातला वाद अजून चालू आहे, आणि तो चालू आहे हेच शास्त्राच्या जिवंतपणाचे लक्षण.

आता त्या सडपातळ हमालाकडे परत जाऊ. विडी-तंबाखू धमनीच्या भिंतीला रोज डिवचते. चुलीचा धूर, मधुमेह आणि वर्षानुवर्षे अंगावर काढलेली दुखणी हेही हृदयाचा धोका वाढवतात. आणखी एक धागा आपल्या महाराष्ट्रातच सापडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे जन्मणाऱ्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पण या हडकुळ्या बाळांत स्नायू कमी आणि त्यामानाने चरबी अधिक. म्हणजे बाहेरून बारीक दिसणारा आपला माणूस आतून चरबी बाळगून असतो, आणि पोटातील ही चरबी दाहाला खतपाणी घालते. आईच्या पोटातली उपासमार मुलाच्या पन्नाशीत छातीत कळ होऊन उठावी, याहून करुण गोष्ट कोणती?

फिरखोचा सायलेशियाचा अहवाल आणि धमनीच्या भिंतीचे निदान ही दोन वेगळी कामे नाहीत. साचलेला मळ वरून खरवडून भागत नाही, भिंत आतून का फुगली ते पाहावे लागते, हीच त्याची दोन्हीकडची शिकवण. हृदयविकाराची गोळी डॉक्टर लिहून देतील आणि ती वेळेवर घेतली पाहिजे. पण गरोदर बाईच्या ताटातली भाकरी, चुलीवरचा धूर, मुलाच्या हातातली विडी आणि अर्ध्यावर सुटलेली शाळा यांवरचे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते आपल्यासारख्यांनीच, कोणी शिक्षक होऊन, कोणी ग्रामसेवक होऊन, कोणी साधा जागरूक मतदार होऊन द्यायचे आहे. एका लहान गावच्या मुलाला फुकट शिक्षण मिळाले आणि त्याने त्या शिक्षणाचे ऋण साऱ्या जगाला फेडले. आपल्यालाही आपल्या गावापुरते ते फेडता येईल.